तटस्थतेची सबब दप्तरी लागू द्या : परराष्ट्रमंत्र्यांस अनावृत पत्र

मुंबई, जुलै 2025

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,



पत्रास कारण असे की, गेल्या जून महिन्यात पश्चिम आशियात जो बारा दिवसांचा संग्राम झाला त्यात भारत सरकारने काय केले, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. परंतु जे केले ते कोणत्या कारणास्तव केले याचा थांग मात्र, आपल्या खात्याची निवेदने पुनःपुन्हा वाचूनही, माझ्यासारख्या सामान्य नागरिकास लागलेला नाही, आणि तो लागावा एवढ्याच हेतूने हे अनावृत पत्र आपणांस लिहिण्याचे धाडस करीत आहे.

घटनाक्रम आपणांस मुखोद्गत असणार. तथापि इतर वाचकांच्या सोयीसाठी तो येथे नोंदवितो. 12 जून रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातील युद्धविरामाची मागणी करणारा ठराव 149 विरुद्ध 12 मतांनी संमत झाला आणि जी 19 राष्ट्रे तटस्थ राहिली त्यांत भारत होता. दुसऱ्याच दिवशी पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला चढविला. आपल्या खात्याने चिंता व्यक्त करून उभय पक्षांस संयमाचा आणि वाटाघाटींचा सल्ला दिला. 14 जून रोजी शांघाय सहकार्य संघटनेने, जिचे भारत आणि इराण हे दोघेही सभासद आहेत, इस्रायलचा नामनिर्देशपूर्वक निषेध केला, तेव्हा त्या निवेदनाच्या चर्चेत आम्ही सहभागी नव्हतो असे आपण जाहीर केले. 22 जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बाँब टाकले, त्या दिवशी पंतप्रधानांनी इराणच्या अध्यक्षांशी दूरध्वनीवर बोलून पुन्हा चिंता व्यक्त केली. 24 तारखेस शस्त्रे थांबली. आणि 6 जुलै रोजी रिओ दि जानेरो येथे ब्रिक्स राष्ट्रांचा जो जाहीरनामा प्रसिद्ध झाला, त्यात 13 जूनपासून इराणवर झालेल्या हल्ल्यांचा निषेध करणारे आणि ते आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करणारे आहेत असे म्हणणारे कलम होते, आणि त्यास भारताची संमती होती.

जूनच्या मध्यास ज्या निषेधापासून आपण अंग काढून घेतले, तोच निषेध जुलैच्या आरंभी आपणांस कसा रुचला, हा प्रश्न मी टोमणा म्हणून विचारीत नाही. त्याचे उत्तर असू शकेल. शांघायच्या निवेदनात इस्रायलचे नाव होते, रिओच्या त्या कलमात कोणाचेच नाव नव्हते. एका ठिकाणी मसुदा आपल्या गैरहजेरीत ठरला, दुसऱ्या ठिकाणी तो ठरताना आपले प्रतिनिधी मेजाशी बसले होते. एकाच्या वेळी युद्ध पेटलेले होते, दुसऱ्याच्या वेळी ते विझले होते. ही तिन्ही कारणे समंजस आहेत. परंतु ती मी येथे माझ्या कल्पनेने लिहीत आहे, आपल्या खात्याच्या कागदावरून नव्हे, आणि माझी सारी तक्रार एवढ्या एका वाक्यात मावते.

या प्रसंगी आपली अडचण लहान नव्हती, हे मी प्रथमच मान्य करतो. दोन मित्र एकमेकांच्या उरावर बसलेले असताना तिसऱ्याने काय बोलावे, याचे शास्त्र कोणत्याही राजनीतिग्रंथात सापडत नाही. इस्रायलला आपण 17 सप्टेंबर 1950 रोजी मान्यता दिली. 1953 साली त्याची वकिलात आपल्या या मुंबईत उघडली आणि पुढे जवळजवळ चार दशके, म्हणजे 29 जानेवारी 1992 रोजी नरसिंह राव यांच्या सरकारने पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित करीपर्यंत, दिल्लीस तिचा प्रवेश झाला नाही. एवढी वर्षे दाराबाहेर उभे ठेवूनही कारगिलच्या युद्धात त्या राष्ट्राने दारूगोळा आणि टेहळणीची साधने देण्यास विलंब लावला नाही, आणि गेल्या मे महिन्यात पाकिस्तानशी शस्त्रे भिडली तेव्हा भारताच्या स्वसंरक्षणाच्या हक्काचा त्याने उघड पुरस्कार केला. ही कृतज्ञतेची बाब आहे आणि कृतज्ञता ही परराष्ट्रनीतीत अगदीच अदखलपात्र वस्तू आहे असे मी मानीत नाही.

दुसरीकडे इराण. त्याचा उपकार सांगण्यासाठी मी चाबहार बंदरापासून आरंभ करीत नाही, 1994 सालापासून करतो, कारण त्या वर्षीचा प्रसंग आजच्या पिढीच्या स्मरणातून पार पुसला गेला आहे. जिनिव्हा येथे मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरसंबंधी भारताविरुद्ध ठराव आणण्याचा घाट पाकिस्तानने घातला होता आणि इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेचे बळ त्याच्या पाठीशी उभे राहू पाहत होते. ठराव संमत झाला असता तर प्रकरण सुरक्षा परिषदेपर्यंत ओढले जाण्याचे भय होते, आणि देशाची आर्थिक व राजकीय प्रकृती त्या काळी अशी होती की एवढा एक धक्काही सोसवला नसता. नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना जिनिव्हास शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून पाठविले, हे पुष्कळांस आठवते. परंतु त्याच सुमारास परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह, जे स्वतः गंभीर आजाराने अंथरुणास खिळलेले होते, त्यांना तशा अवस्थेत विमानात घालून तेहरानला धाडण्यात आले आणि त्यांनी रावांचा खलिता अध्यक्ष रफसंजानी यांच्या हाती दिला, हे फारसे कोणी सांगत नाही. राजशिष्टाचाराप्रमाणे आजारी मंत्र्याने जाण्याचे काही कारण नव्हते. दुसरा कोणी पाठविता आला असता. पण चालता न येणारा मंत्री आपल्या दारी येतो याचा अर्थ यजमानास न सांगता कळतो, आणि तो तेथे कळला. इराणने व चीनने पाकिस्तानचे मन वळविले आणि ठराव मतास न पडता मागे घेण्यात आला. आपण स्वतः या सेवेत उभी हयात घालविली आहे. असल्या जाबसालाचे मोल आपणांस मी सांगावे असे नाही.

आणि याच जून महिन्यात, क्षेपणास्त्रे पडत असताना, उर्मिया येथील वैद्यकीय विद्यापीठाची आपली मुले आर्मेनियामार्गे बाहेर काढण्यात आली, पुढे मशहदहून आपली विमाने उडावीत म्हणून इराणने आपले बंद केलेले आकाश खास उघडून दिले, आणि इस्रायलमधील भारतीय जॉर्डन व इजिप्त यांच्या वाटेने परतले. ‘ऑपरेशन सिंधू’मध्ये एकूण 4,415 माणसे घरी आली, त्यांपैकी 3,597 इराणातून आणि 818 इस्रायलमधून. दोन्ही युद्धमान राष्ट्रांनी एकाच आठवड्यात आपल्या माणसांस वाट करून दिली, ही आपल्या मैत्रीची कमाई होय आणि तिचे श्रेय आपल्या खात्यास देण्यात मला मुळीच अनमान वाटत नाही.

मुंबईच्या माणसास हे द्वैत नवीन नाही. डोंगरीत इराणी व्यापाऱ्यांनी 1860 साली बांधलेली, निळ्या फरशांची मुघल मशीद उभी आहे आणि तेथून फार दूर नाही अशा काळ्या घोड्यापाशी 1884 चे निळ्याच रंगाचे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्रायल यहुदी आज इस्रायलमधील लोद, रामला, अश्दोद आणि दिमोना या गावी नांदतात आणि तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढतात. तर खेड, महाड, श्रीवर्धन या तालुक्यांतील घरटी एक माणूस आखाताच्या कोणत्या ना कोणत्या बंदरात पोटासाठी गेलेला आहे. यांपैकी एकास आपला म्हणून दुसऱ्यास परका म्हणावे, असे मी आपणांस सुचवीत नाही. तसे सुचविणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा आवाजही माझ्याहून मोठा आहे.

तेव्हा प्रश्न एका बाजूस जाण्याचा नाही. स्वतंत्र परराष्ट्रनीती म्हणजे सर्वांपासून समान अंतर, ही समजूत शाळकरी आहे आणि ज्यांनी ही नीती घडविली त्यांनीही ती कधी आचरिली नाही. 1956 च्या शरदात सुएझवर इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल चालून गेले तेव्हा नेहरूंची वाणी तत्काळ आणि तीक्ष्ण होती. 4 नोव्हेंबरला सोविएत रणगाडे बुडापेस्टमध्ये दुसऱ्यांदा शिरले तेव्हा तीच वाणी चाचपडू लागली, आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका व्हाव्यात अशी मागणी करणाऱ्या ठरावाच्या विरुद्ध कृष्ण मेनन यांनी भारताचे मत टाकले. जयप्रकाश नारायण यांनी त्याबद्दल सरकारास जाहीरपणे सुनावले, आणि ते योग्यच होते. मनातील कारण बहुधा काश्मीर हे होते: परक्या देखरेखीखालील मतदानाचा पायंडा आज हंगेरीत पडला तर उद्या तो श्रीनगरात लागू होईल, हे भय. कारण खोटे नव्हते. परंतु ते त्या वेळी स्पष्टपणे मांडले न गेल्यामुळे जगाने आपल्यास सोयीचे असे दुसरे कारण आमच्या नावावर लिहून टाकले, ते म्हणजे मॉस्कोची भीती, आणि तो शिक्का पुसण्यास पुष्कळ वर्षे लागली.

1980 च्या जानेवारीत तर याहून वाईट झाले. अफगाणिस्तानात सोविएत सैन्य उतरले. आमसभेत 104 राष्ट्रांनी त्याविरुद्ध मत दिले, 18 राष्ट्रांनी त्याची बाजू घेतली, आणि जी 18 तटस्थ राहिली त्यांत आपण होतो. तटस्थतेचे समर्थन करता आले असते. परंतु तत्पूर्वी आमच्या प्रतिनिधीने जे भाषण केले त्यात, हे सैन्य अफगाण सरकारच्या विनंतीवरून गेले आहे आणि काम संपताच परत येईल, या सोविएत आश्वासनावर विश्वास ठेवण्यास जागा आहे असा सूर होता. ते सैन्य 1989 साली परतले. येथे कारण दिले गेले, परंतु ते दुसऱ्याच्या दप्तरातून उसने आणलेले होते, आणि उसन्या कारणापेक्षा मौन पुष्कळ बरे, असे म्हणण्याची पाळी आपल्या हितचिंतकांवर आली.

परराष्ट्रनीतीचा हिशेब किती लवकर घरापर्यंत येतो, हे पाहावयाचे असेल तर मी वाचकांस ऑगस्ट 1990 ते जुलै 1991 या अकरा-बारा महिन्यांत मुंबईच्या सहार विमानतळावर काय काय घडले ते आठवण्याची विनंती करीन. प्रथम इराकने कुवेत गिळंकृत केले, आणि परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना आलिंगन देते झाले. त्या छायाचित्राने जगभर आपली नाचक्की झाली, परंतु त्या आलिंगनाच्या पोटी वाट मिळाली आणि एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीय, त्यांतील बहुसंख्य वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचलेले, एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आणले गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी उतरलेली ती कुटुंबे या विमानतळाने पाहिली. त्यानंतर जानेवारी उजाडला. इराकविरुद्ध युद्ध सुरू होण्याच्या सुमारास चंद्रशेखर यांच्या अल्पमतातील सरकारने अमेरिकेच्या लष्करी मालवाहू विमानांस मुंबई, मद्रास आणि आग्रा येथे इंधन भरण्याची मुभा दिली, ती वृत्तपत्रांतून बाहेर फुटली, गदारोळ झाला, आणि फेब्रुवारीत ती मागे घ्यावी लागली. म्हणजे ज्या धावपट्टीवर सद्दामच्या मेहेरबानीने सुटलेली माणसे उतरली होती, त्याच धावपट्टीवर सद्दामवर चालून निघालेल्या फौजेची विमाने तेल भरीत होती. आणि जुलैत, तेलाचे चढलेले भाव, आखातातून येणाऱ्या मनीऑर्डरींचा आटलेला ओघ आणि रिकामा झालेला परकीय चलनाचा खजिना यांचा एकत्रित परिणाम म्हणून, रिझर्व्ह बँकेच्या फोर्टमधील तळघरांतले सुमारे 47 टन सोने याच विमानतळावरून गहाण पडण्यासाठी परदेशी रवाना झाले.

त्या तीन दृश्यांपैकी पहिल्याची निंदा आणि दुसऱ्याचे समर्थन करणारे, किंवा त्याउलट करणारे, दोन्ही प्रकारचे लोक मी ऐकले आहेत. माझे मत असे की दोन्ही निर्णयांस सबळ कारणे होती. परंतु पहिल्याचे कारण, म्हणजे आपली पावणेदोन लाख माणसे तेथे अडकली आहेत हे, सगळ्यांस दिसत होते म्हणून तो निर्णय टीका सोसूनही टिकला. दुसऱ्याचे कारण चोरून ठेवले होते म्हणून तो पहिल्याच झुळुकीने कोसळला. वास्तविक परकीय चलनाच्या त्या दारिद्र्यात अमेरिकेची आणि नाणेनिधीची मर्जी राखणे हे सांगण्यासारखे कारण होते. ते संसदेपुढे धीटपणे कोणी ठेवले असते तर काय झाले असते हे आज कोणी सांगावे. पण जे झाले त्याहून अधिक लाजिरवाणे खचित झाले नसते.

याच्या उलट उदाहरण वाजपेयींचे आहे, आणि आपले सरकार त्यांचा वारसा सांगते म्हणून ते विस्ताराने सांगतो. इराकवर 2003 साली आक्रमण झाल्यानंतर तेथील बंदोबस्तासाठी भारताने एक पूर्ण डिव्हिजन, म्हणजे सतरा हजारांच्या घरातील सैन्य द्यावे, अशी अमेरिकेची मागणी होती. अणुस्फोटानंतरच्या निर्बंधांतून बाहेर पडून वॉशिंग्टनशी नव्याने सूत जुळविण्याचा तो काळ होता. मंत्रिमंडळात सैन्य धाडण्याच्या बाजूचेही वजनदार लोक होते. एप्रिलमध्ये लोकसभेने आक्रमणाविरुद्ध ठराव केला आणि 14 जुलै रोजी सरकारने सैन्य न पाठविण्याचा निर्णय जाहीर केला, तो एका कारणासह: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही, तो असता तर विचार करता आला असता. कारण साधे होते, उद्याही लागू पडेल असे होते, आणि त्यात कोणाचा अवमान नव्हता. परिणामी अमेरिका रुसली म्हणावे तर पुढील जानेवारीत तिने भारताशी उच्च तंत्रज्ञान, अवकाश व अणुक्षेत्रातील सहकार्याची योजना जाहीर केली आणि जुलै 2005 मध्ये अणुकराराची घोषणाही केली. नकार देताना कारण दिले म्हणजे मैत्री तुटते, या समजुतीचे याहून स्वच्छ खंडन मला ठाऊक नाही.

करारमदार केल्याने स्वातंत्र्य जाते, असेही मी म्हणत नाही. 9 ऑगस्ट 1971 रोजी स्वर्ण सिंह आणि ग्रोमिको यांनी जो तहनामा केला त्याच्या चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेचा सोविएत संघ आदर करतो असे नमूद करून घेण्याइतकी दक्षता आपल्या लोकांनी बाळगली होती, आणि नवव्या कलमात संकटसमयी परस्परांशी मसलत करण्याचे बंधन होते, परस्परांच्या आज्ञेत राहण्याचे नव्हते. मराठी माणसास हा भेद निराळा समजावून सांगावा लागत नाही, कारण 31 डिसेंबर 1802 रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने जो तह केला त्याची वेदना आमच्या इतिहासात अद्याप ओली आहे. त्या तहाने सहा पलटणींची तैनाती फौज आली आणि तिच्या खर्चास 26 लाखांचा मुलूख गेला, हे शाळेतील पोरही सांगेल. पण खरा घात पलटणींत नव्हता. कंपनी सरकारशी आधी मसलत केल्याखेरीज पेशव्याने अन्य कोणत्याही सत्तेशी जाबसाल करू नये, हे जे कलम होते त्याने पुण्याच्या दरबाराचे वकील एका रात्रीत निरुद्योगी झाले. फौज परत पाठविता येते. बोलण्याचा हक्क एकदा लिहून दिला की परत मिळत नाही.

आज असे कलम कोणत्याही कागदावर नाही, हे मी जाणतो. माझी शंका अशी आहे की, जे कागदावर नाही ते वहिवाटीने येऊ पाहत आहे. मे 2018 मध्ये आपल्या पूर्वसूरी सुषमा स्वराज यांनी, भारत केवळ संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, कोण्या एका देशाने एकतर्फी लादलेले मानीत नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. वर्षभरातच, मे 2019 मध्ये अमेरिकेने दिलेली सवलतीची मुदत संपली, आणि जो इराण आमच्या मोठ्या तेलपुरवठादारांपैकी एक होता त्याच्याकडून आम्ही एक पिंपही घेईनासे झालो. भूमिका बदलली असे कोणी जाहीर केले नाही, तेल मात्र थांबले. पुढे 2022 पासून रशियाचे तेल आम्ही पाश्चात्त्यांचा रोष पत्करून घेतले, आयातीत दोन टक्क्यांहूनही कमी असलेला त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्याही वर नेला, आणि त्याचे समर्थन आपण युरोपच्या व्यासपीठांवर ज्या सडेतोडपणे केले त्याचे कौतुक आपल्या विरोधकांनीही केले. मग एकच तत्त्व तेहरानला लागू पडत नाही आणि मॉस्कोला पडते, ते का? उत्तर व्यावहारिक असणार: रशियन तेलावर सरसकट बंदी नव्हती, केवळ किमतीची मर्यादा होती, ते बाजारातून नाहीसे झाल्यास भाव भडकतील हे वॉशिंग्टनलाही ठाऊक होते, आणि इराणच्या बाबतीत बँका, विमा, जहाजे सर्वच दारे बंद झाली होती. असेना का! बळाबळ पाहून वागणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्यच आहे. परंतु 2018 ची घोषणा अद्याप दप्तरात तशीच पडून आहे, आणि अमलात नसलेली घोषणा दप्तरात ठेवणे म्हणजे पुढल्या घोषणेची किंमत आजच उतरविणे होय.

चाबहारची गोष्ट याच माळेतली. मे 2016 मध्ये त्रिपक्षीय करार, डिसेंबर 2018 पासून शहीद बेहेश्ती धक्क्याचा कारभार आपल्या कंपनीकडे, मे 2024 मध्ये दहा वर्षांचा करार, 12 कोटी डॉलरांची साधनसामग्री आणि शिवाय 25 कोटी डॉलरांच्या कर्जाची तजवीज: पाकिस्तानास वळसा घालून अफगाणिस्तान व मध्य आशिया गाठण्याचा हा आपला एकमेव सागरी दरवाजा. गेल्या 4 फेब्रुवारीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी इराणवरील दडपणाचा जो आदेश काढला त्यात चाबहारास दिलेल्या सवलतीचा फेरविचार करण्याचा नामनिर्देशपूर्वक उल्लेख आहे. ती सवलत गेली तर आपण काय करणार, हे व्यूह म्हणून गुप्त ठेवा. परंतु हे बंदर आम्ही कोणत्या प्रयोजनास्तव चालवितो आणि त्या प्रयोजनात आमच्या अन्य मित्रांस हरकत घेण्यासारखे काय नाही, हे आत्ताच, वादळापूर्वी, चारचौघांत सांगून ठेवणे आवश्यक आहे.

यावर आपला आक्षेप मला ऐकू येतो: मुत्सद्देगिरीस एकांत लागतो, आणि जो प्रत्येक चालीचे कारण ओरडून सांगतो त्याची पुढली चाल प्रतिपक्ष ओळखतो. मान्य. चाललेला जाबसाल पडद्याआडच असावा. नरसिंह रावांचा तो खलिता वृत्तपत्रांत छापला असता तर ठराव मागे गेला नसता. मी मागतो ते निराळे आहे. मत पडून गेल्यावर, सही होऊन गेल्यावर, निवेदन नाकारून झाल्यावर त्यात गुप्त काय उरते? उरते ते केवळ कारण, आणि ते सांगण्याची रीत संयुक्त राष्ट्रांत मतदानाचे स्पष्टीकरण या नावाने पूर्वापार चालत आली आहे.

12 जूनच्या मतदानाचे स्पष्टीकरण आपल्या प्रतिनिधीने दिले होते, हे मी विसरलेलो नाही. संवाद आणि वाटाघाटी यांवाचून मार्ग नाही, उभय पक्षांस जवळ आणणे हा खरा उपाय, आणि आमची तटस्थता पूर्वीच्या भूमिकेस धरूनच आहे, असा त्याचा आशय. महोदय, त्याच्या सहा महिने आधी, 11 डिसेंबर 2024 रोजी, गाझात तत्काळ, बिनशर्त व कायम युद्धविराम व्हावा असा ठराव याच आमसभेत 158 मतांनी संमत झाला आणि त्या 158 मतांत भारताचे मत होते. डिसेंबर 2023 मध्येही आपण युद्धविरामाच्या बाजूने मत दिले होते. त्याआधी ऑक्टोबरात तटस्थ होतो. संवादावाचून मार्ग नाही हे डिसेंबरातही खरे होते. मग डिसेंबर आणि जून यांच्यामध्ये काय बदलले? मसुद्यातील एखादा शब्द, हमासचा किंवा ओलिसांचा उल्लेख कसा झाला ते, की मे महिन्यातील आपल्या लढाईत कोण कोणाच्या मागे उभे राहिले ते? यांतील कोणतेही उत्तर मी नागरिक म्हणून समजून घेईन, शेवटचेसुद्धा. समजून घेता येत नाही ते एवढेच, की ज्यास सातत्य म्हणून पुढे केले तेथेच नेमका सांधा तुटलेला आहे.

या मौनाची गरज ज्यामुळे निर्माण होते त्या परावलंबनाचाही उल्लेख करणे भाग आहे, जरी ते खाते आपले नाही. विशाखापट्टण, मंगळूर आणि पाडूर येथील भूमिगत टाक्यांत मिळून 53.3 लाख टन कच्चे तेल मावते, म्हणजे साडेनऊ दिवसांची बेगमी, तीही टाक्या तुडुंब असतील तर. 2021 साली मंजूर झालेला दुसरा टप्पा अद्याप कागदावर आहे. स्वयंपाकाचा निम्म्याहून अधिक गॅस बाहेरून आणि त्यातील बहुतेक होर्मुझच्या चिंचोळ्या मुखातून येतो. आखातात नव्वद लाखांच्या आसपास भारतीय राहतात. देशात येणाऱ्या मनीऑर्डरींपैकी सुमारे 38 टक्के तेथून येतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या ताज्या पाहणीप्रमाणे परदेशांतून येणाऱ्या एकूण रकमेत सर्वांत मोठा वाटा, 20.5 टक्के, महाराष्ट्राचा आहे. जीभ कितपत सैल सोडावी हे या आकड्यांवर ठरते आणि ते तसे ठरते असे संसदेत सांगण्यात मला कमीपणा दिसत नाही. उलट, आमच्या संयमाचे हेही एक कारण आहे असे सरकारने म्हटले तर टाक्या खोदण्याच्या कामास पैसा मिळणे सोपे होईल.

आपल्या राज्यघटनेत तह-करारांस संसदेची पूर्वसंमती लागत नाही, मतदानास तर नाहीच. हा सारा कारभार कार्यकारी सत्तेच्या अखत्यारीत आहे. म्हणूनच मागाहून दिलेली कैफियत हाच येथे लोकशाहीचा एकमेव धागा उरतो. परराष्ट्र व्यवहाराची स्थायी समिती आहे. तिच्या बैठका बंद दाराआड होतात, तेथे पाहिजे तेवढा तपशील ठेवता येतो. आणि सभागृह आहे. संसदेचे पावसाळी अधिवेशन 21 जुलैपासून भरत आहे. 12 जूनचे मत डिसेंबरच्या मतापासून कोणत्या मुद्द्यावर वेगळे झाले; 14 जूनला जे नाकारले आणि 6 जुलैला जे स्वीकारले त्यांत आपल्या दृष्टीने कोणता भेद होता; आणि एकतर्फी निर्बंधांविषयीची 2018 ची भूमिका आज चाबहारच्या संदर्भात कायम आहे, बदलली आहे की स्थगित आहे, या तीन बाबींचे लेखी निवेदन आपण अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात सभापटलावर ठेवावे, अशी माझी विनंती आहे. निवेदन पानभराचे असले तरी चालेल. त्यातील कारणे मला पटतील असे नाही. विरोधी पक्षांस तर नक्कीच पटणार नाहीत, आणि चार दिवस गोंगाट होईल. पण सप्टेंबरात आमसभा पुन्हा भरेल, गाझाचा किंवा इराणचा प्रश्न कोणत्या तरी रूपाने पुन्हा मतास पडेल, आणि त्या वेळी न्यूयॉर्कमधील आपल्या प्रतिनिधीस मागील मताशी रुजवात घालण्यासाठी हाताशी एक अधिकृत कागद असेल.



आपला विश्वासू,
मुंबईचा एक नागरिक